कळ पायात, मूळ कंबरेत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळींनी सांगितले, तेव्हा विषय शोधण्यासाठी मला लांब जावे लागले नाही. ट्रस्टच्या दवाखान्यात दर रविवारी सकाळी मी बसू लागलो त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. रक्तदाब आणि मधुमेह यांच्या खालोखाल आपली मंडळी जर कोणती तक्रार घेऊन येत असतील, तर ती कंबरेची आणि पायाची. "डॉक्टर, नस दाबली आहे," हे निदान रोगी घरूनच करून येतो. सोबत मोठ्या पाकिटात एमआरआयची चित्रे असतात. ती टेबलावर पसरून लगेच प्रश्न येतो, "ऑपरेशन करावे लागेल का?" मी म्हणतो, "चित्रे राहू द्या. आधी चपला काढा आणि टाचांवर चार पावले चालून दाखवा." रोग्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसते. एवढा खर्च करून आणलेली चित्रे बाजूला सारून हा म्हातारा आपल्याला लहान मुलासारखे चालावयास लावतो आहे, असा तो भाव असतो.

त्या चार पावलांत काय असते, पाय सरळ उचलून पाहण्यात काय असते, रबरी हातोडीने टकटक करण्यात काय असते, हे या लेखात सांगावयाचे आहे. लेख लिहिण्यास आणखीही एक कारण आहे. ते शेवटाकडे सांगेन.

नस दाबते म्हणजे काय?

आपण बोलताना 'नस' हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. येथे प्रश्न मज्जातंतूचा आहे. कंबरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, तिला चकती म्हणतात. तिच्या बाहेर चिवट कडे आणि आत मऊ गर असतो. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सुमारास संपतो. त्याच्या खाली मज्जातंतूंचा नुसता झुबका लोंबत असतो. तो घोड्याच्या शेपटासारखा दिसतो आणि शरीरशास्त्रात त्याचे नावही त्याच अर्थाचे आहे. या झुबक्यातून प्रत्येक मण्याच्या पातळीवर उजवीकडे एक व डावीकडे एक अशी मुळे बाहेर पडतात. खालच्या मुळांचा एक जाड दोर होऊन तो कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने पायात उतरतो. हीच सायटिक नस होय.

करंजीची मुरड सुटून सारण बाहेर यावे, तसे चकतीचे कडे चिरले की गर मागे सरकतो आणि शेजारच्या मुळाला भिडतो. नुसता दाब पडतो असे नव्हे. त्या गरामुळे मुळाचा दाहही होतो. दुखणे उमटते ते मात्र त्या मुळाच्या मुलुखात, म्हणजे मांडीत, पोटरीत, पावलात. दारावरच्या घंटेची तार मध्येच कोठे दाबली तरी वाजते ती घंटाच. म्हणून कळ पायात असली तरी मूळ कंबरेत शोधावे लागते.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. आपल्या आयुर्वेदात या दुखण्याला 'गृध्रसी' म्हटले आहे. चरकसंहितेत वेदना कुल्ल्यापासून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी क्रमाने उतरते असे वर्णन आहे. आणि सुश्रुतसंहितेत या रोगात पाय उचलण्यास अटकाव होतो असे सांगितले आहे. इटलीतील नेपल्स शहरी दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने १७६४ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि खुब्याच्या सांध्याचे दुखणे वेगळे व मज्जातंतूचे दुखणे वेगळे, असा भेद केला. चकती सरकून मुळाला दाबते हे कारण सर्वांच्या ध्यानात आले ते त्याहूनही पुष्कळ उशिरा, अमेरिकेतील बोस्टनच्या मिक्स्टर व बार या दोन शल्यवैद्यांनी १९३४ मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला तेव्हा.

आधी विचारपूस

तपासणी हात लावण्यापूर्वीच सुरू होते. रोगी खुर्चीवर एका कुल्ल्यावर भार देऊन बसतो का, झोपाळ्यावरून उतरल्यासारखा वाकडा उठतो का, हे पाहणारा पाहत असतो. मग मी तीन गोष्टी विचारतो. पहिली, दुखणे कंबरेत अधिक की पायात? दुसरी, ते गुडघ्याच्या खाली जाते का? तिसरी, खोकले, शिंकले किंवा शौचास जोर केला तर पायात चमक जाते का? मुळावरच्या दाबाचे दुखणे बहुधा कंबरेपेक्षा पायात अधिक असते, गुडघ्याखाली उतरते आणि खोकल्याने उसळते. नुसती उसण भरली असेल तर दुखणे कंबरेत व कुल्ल्यातच घुटमळते.

"एका बोटाने दाखवा, कोठे दुखते?" असे मी म्हणतो. जो अख्ख्या पंजाने कंबर चोळून दाखवतो त्याचे दुखणे बहुधा स्नायूंचे असते. जो बोटाने मांडीपासून अंगठ्यापर्यंत रेघ ओढतो, त्याने माझे अर्धे काम केलेले असते.

पाय उचलून पाहणे

रोग्याला उताणे निजवून, गुडघा सरळ ठेवून, टाचेखाली हात घालून मी एक पाय सावकाश वर उचलतो. या साध्या कृतीमागे मोठे शास्त्र आहे. पाय उचलू लागला की सायटिक नस ताणली जाते आणि तिची मुळे मणक्यांच्या भोकांतून काही मिलिमीटर सरकतात. ही ओढ मुख्यत्वे ३० ते ७० अंशांच्या दरम्यान मुळांपर्यंत पोचते. मूळ मोकळे असेल तर ते निमूटपणे सरकते. दाबलेले व सुजलेले असेल तर या टप्प्यात पायातून, गुडघ्याच्या खालपर्यंत, सपकन कळ जाते. नुसती मांडीची मागची बाजू ताणल्यासारखी वाटली किंवा कंबर दुखली, तर ती परीक्षा 'होकारार्थी' धरीत नाहीत. पुष्कळांची मांडीची शीर आखूडच असते.

खात्रीसाठी पुढे आणखी एक गोष्ट करतात. कळ आली की पाय थोडा खाली घ्यावयाचा, कळ थांबू द्यावयाची आणि मग पाय तेथेच धरून फक्त पाऊल रोग्याच्या नाकाकडे वाकवावयाचे. मांडीचे स्नायू त्याने ताणत नाहीत, नस मात्र ताणते. कळ परत आली तर ती नसेचीच. गुडघा वाकवला की नस सैल पडते व आराम वाटतो.

निरोगी पाय उचलला असता दुखऱ्या पायात कळ येणे, ही खूण त्याहून महत्त्वाची. या दोन परीक्षांचा स्वभाव परस्परांविरुद्ध आहे. शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या रुग्णांवरचे अभ्यास एकत्र करून पाहता असे आढळले, की चकती खरोखर सरकलेल्या १०० जणांपैकी सुमारे ९० जणांत पहिली परीक्षा होकारार्थी येते; पण चकती न सरकलेल्यांतही ती पुष्कळदा होकारार्थी येते. उलट दुसरी परीक्षा चकती सरकलेल्या १०० पैकी सुमारे तिसांतच होकारार्थी येते. परंतु आली तर ती सहसा फसवत नाही. पहिली चाळणी आणि दुसरी शिक्का, असे म्हटले तरी चालेल.

या परीक्षेच्या नावाची कथा मनोरंजक आहे. जगभर ती लासेग या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखली जाते, कारण त्याचा शिष्य फोर्स्ट याने १८८१ मध्ये आपल्या प्रबंधात ती गुरूच्या नावाने नोंदवली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८० मध्ये, सर्बियातील लाझा लाझारेविच या वैद्याने हीच परीक्षा, नस ताणल्याने कळ येते या कारणासह, आपल्या सर्बियन भाषेत प्रसिद्ध केली होती. हा लाझारेविच सर्बियन भाषेतील नामांकित कथालेखकही होता. त्याचा लेख जर्मन भाषेत आला तो १८८४ मध्ये. तोपर्यंत नाव दुसऱ्याचे झाले होते. छोट्या भाषेत मोठी गोष्ट सांगणाऱ्याच्या वाट्याला कधी कधी असे येते.

कंबरेच्या वरच्या मुळांसाठी रोग्याला पालथे निजवून गुडघा वाकवतात. मांडीच्या पुढच्या बाजूस कळ आली तर दाब वरच्या मुळावर असल्याचा संशय येतो.

कोणते मूळ? ताकद, स्पर्श आणि हातोडी

चकती सरकण्याचे बहुतेक प्रकार कंबरेच्या अगदी खालच्या दोन जागांवर घडतात, कारण शरीराचा भार आणि वाकण्याचा ताण तेथेच अधिक पडतो. त्यामुळे तीन मुळांची परीक्षा केली की बहुतेक काम होते. ती तीन मुळे म्हणजे कंबरेचे चौथे, कंबरेचे पाचवे आणि त्याखालच्या त्रिकास्थीचे पहिले.

कंबरेचे चौथे मूळ मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देते. ते दुबळे झाले की जिना चढताना किंवा पाटावरून उठताना गुडघा दगा देतो. नडगीच्या आतल्या बाजूला बधिरता येते आणि गुडघ्याचा झटका मंदावतो.

पाचवे मूळ पाऊल व अंगठा वर उचलते. टाचांवरची चार पावले याच्यासाठी. रोग्याच्या पायाचा अंगठा मी बोटाने खाली दाबतो आणि "माझे बोट वर ढकला" म्हणतो. दोन्ही अंगठ्यांची तुलना करतो. या मुळाच्या बधिरतेची जागा म्हणजे पावलाची वरची बाजू आणि अंगठा. या मुळाला भरवशाचा असा झटका नाही; म्हणून अंगठ्याची ताकद न पाहिली तर त्याचा दुबळेपणा सहज निसटतो. ज्याची चप्पल चालताना वारंवार निसटते, किंवा ज्याचे पाऊल जमिनीवर फटकन पडते, त्याने हे ध्यानात ठेवावे.

त्रिकास्थीचे पहिले मूळ पोटरीला बळ देते. पोटरी इतकी बलवान असते, की डॉक्टरच्या हाताने तिची परीक्षा होत नाही. म्हणून रोग्याला भिंतीला बोटे टेकवून एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उठावयास सांगतात. एक पाय दहा वेळा उचलतो आणि दुसरा चौथ्यालाच थकतो, तर निदान तेथेच झाले. या मुळाची बधिरता करंगळीकडच्या कडेला असते आणि टाचेच्या वरचा झटका जातो.

ताकदीला ० ते ५ असे गुण देतात. ही पद्धत इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, जखमी सैनिकांच्या मज्जातंतूंसाठी काढलेल्या पुस्तिकेतून रूढ झाली. शून्य म्हणजे मुळीच हालचाल नाही, तीन म्हणजे स्वतःच्या भाराविरुद्ध अवयव उचलता येतो, पाच म्हणजे पूर्ण ताकद. हे आकडे रोग्याच्या कागदावर लिहिलेले असले, तर पुढच्या आठवड्यात तपासणारा दुसरा डॉक्टरही पाय सुधारतो आहे की बिघडतो आहे हे सांगू शकतो.

स्पर्शासाठी कापसाचा बोळा आणि नवी टाचणी पुरते. डोळे मिटून, दोन्ही पायांची तुलना करीत, "दोन्हीकडे सारखे लागते का?" एवढेच विचारावयाचे. प्रत्येक मुळाच्या मुलुखाच्या सीमा शेजारच्या मुलुखात मिसळलेल्या असतात, म्हणून नकाशा काटेकोर नसतो.

हातोडीने गुडघ्याच्या वाटीखाली ठोकले की पाय उडतो. हा झटका १८७५ मध्ये एर्ब व वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. ठोक्याची वार्ता मज्जातंतूने वर जाते, मज्जारज्जूतून वळते आणि स्नायूला हुकूम घेऊन परत येते. मेंदूला विचारण्याची गरज नसते. या वाटेत मूळ दाबलेले असेल तर झटका मंद होतो किंवा जातो. येथेही तुलना महत्त्वाची. उतारवयात किंवा मधुमेहात दोन्ही टाचांचे झटके जाऊ शकतात. एकाच बाजूचा गेला तर मात्र बोट कंबरेकडे दाखवावे लागते. झटके उलट फार जोराचे आले आणि तळपायावर रेघ ओढली असता अंगठा वर गेला, तर रोग कंबरेच्या मुळात नसून वर, मज्जारज्जूत किंवा मेंदूत आहे असे समजावे. तळपायाची ही खूण बाबिन्स्की याने १८९६ मध्ये दाखवली.

सोंगे घेणारी दुखणी

काही दुखणी नस दाबल्याचे सोंग घेऊन येतात. मागे आपल्या वैद्यकीय मदत समितीकडे एका गृहस्थांचा ऑपरेशनच्या खर्चासाठी अर्ज आला. एमआरआयमध्ये चकती फुगलेली असल्याचे लिहिले होते. पैसे मंजूर करण्यापूर्वी समितीने त्यांना माझ्याकडे पाठवले. पाय उचलला तर कळ नाही. ताकद, स्पर्श, झटके सर्व ठीक. मात्र खुबा आत वळवताच काका ओरडले. दुखणे मांडीच्या सांध्यात होते, खुब्याची झीज झाली होती. कोतुन्योने १७६४ मध्ये केलेला भेद येथे कामी आला. पाठीचे ऑपरेशन झाले असते तर ट्रस्टचे पैसे गेले असते, काकांची पाठ चिरली गेली असती आणि दुखणे जागच्या जागी राहिले असते.

चित्र खोटे नव्हते. चित्रातील फुगवटा दुखण्याचे कारण नव्हता. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, तर त्यांपैकी ५२ टक्के लोकांत निदान एक तरी चकती फुगलेली निघाली. केस पांढरे व्हावेत तशा चकत्याही वयाबरोबर झिजतात. एमआरआय निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. हाताने तपासून ठरवलेले मूळ आणि चित्रात दाबलेले मूळ एकच असेल, तर त्या चित्राइतका चांगला साक्षीदार नाही.

इतर सोंगेही ध्यानात ठेवावी. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चालताना पोटरी दुखते. म्हणून पावलावरची नाडी पाहावी. साठीनंतर मणक्यांतील मार्गच अरुंद होतो. हा विकार डच शल्यवैद्य फेरबीस्ट याने १९५४ मध्ये विशद केला. यात चालताना दोन्ही पाय जड होतात, पण बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. आणि पाय उचलण्याची परीक्षा पुष्कळदा नकारार्थी येते. तासन् तास उकिडवे बसून काम करणाऱ्याची नस गुडघ्याच्या बाहेरच्या हाडापाशी दाबली जाऊन पाऊल लुळे पडते. तेथे कंबर निर्दोष असते. त्याच जागी नस जाड लागली आणि कातडीवर बधिर चट्टा दिसला, तर कुष्ठरोगाचा विचार करावा. तो औषधाने बरा होतो. नागिणीचे पुरळ उठण्यापूर्वी दोन-चार दिवस पट्ट्यासारखी आग होते. संध्याकाळचा ताप, घटते वजन आणि मणक्यावर ठोकताच दुखणे, ही क्षयाची किंवा अन्य गंभीर रोगाची खूण असू शकते. पूर्वी कर्करोग झालेल्याची नवी पाठदुखी कधीही साधी समजू नये.

जेथे रात्र काढावयाची नाही

आता ते दुसरे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्यातीलच एक वहिनी एका रविवारी उजव्या पायाच्या कळा घेऊन आल्या. मी नीट तपासले, गोळ्या दिल्या, "हळूहळू बरे होईल" म्हणालो. बाहेर बाकावर वीस माणसे खोळंबली होती. पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "कळ पुष्कळ कमी आहे, पण आता दोन्ही पाय जड वाटतात." मी विचारले, "वहिनी, लघवी नेहमीसारखी होते ना?" त्यांनी सासूबाईंकडे पाहिले आणि मान खाली घातली. शुक्रवारपासून लघवीची जाणीवच होत नव्हती. बसण्याची जागा लाकडासारखी झाली होती. घरात वडीलधारी मंडळी, सांगावे कोणाला?

चकतीचा मोठा तुकडा मध्यभागी सरकून तो घोड्याच्या शेपटासारखा अख्खा झुबका दाबत होता. त्याच दिवशी त्यांना मोठ्या रुग्णालयात पोचवले, रात्री शस्त्रक्रिया झाली. आज त्या चालतात, स्वयंपाक करतात, नवरात्रात आरतीला येतात. लघवीवरचा ताबा मात्र पूर्वीसारखा परत आला नाही. आदल्या रविवारी मी त्यांचा पाय तपासला होता. पण कोणती खूण दिसली की धावत यावे, हे सांगितले नव्हते. दोन मिनिटांचे काम होते. ते राहिले. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून ही हकीकत लिहावी, असे खुद्द वहिनींनीच मला सांगितले.

तेव्हा या खुणा प्रत्येक घरात पाठ असाव्यात. आपल्यापैकी काही घराण्यांचे पूर्वज गायकवाडांच्या पागेत होते. घोड्यावर बसले असता खोगीर शरीराला जेथे टेकते, ती सारी जागा, म्हणजे गुदद्वार, जननेंद्रिय आणि मांड्यांची आतली बाजू, बधिर होणे. लघवी अडणे, तिची जाणीव न होणे किंवा नकळत होणे. शौचावरचा ताबा सुटणे. दोन्ही पायांत कळा किंवा दुबळेपणा येणे. यांतील एकही गोष्ट नव्याने दिसली तर सकाळची वाट पाहू नये, रविवारच्या दवाखान्याची तर नाहीच. तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे. शक्यतो पहिल्या २४ ते ४८ तासांत दाब मोकळा झाला तर ताबा परत येण्याची आशा अधिक असते. दुखणे कमी झाले आणि बधिरता वाढली, तर ती सुधारणा नव्हे. तसेच पाऊल उचलण्याची ताकद दिवसागणिक कमी होत असेल, तर तेही लवकर दाखवावे.

बाकीच्यांसाठी धीर

असे प्रसंग विरळा. बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय पुष्कळ उतरते. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी 'फळीवर निजून राहा' असे सांगत असू. हॉलंडमधील १८३ रुग्णांवरचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन आठवडे बिछान्यावर निजवलेले आणि हिंडते-फिरते राहिलेले, अशा दोन्ही गटांतील ८७ टक्के रुग्ण बारा आठवड्यांनी सारखेच सुधारलेले आढळले. म्हणून झेपेल तितके चालावे. तेथीलच २००७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, परंतु वर्षअखेर दोन्ही गट बरोबरीला आले. अर्थात थांबून पाहणाऱ्या गटातीलही काहींना पुढे शस्त्रक्रिया लागलीच. ताकद टिकून असेल तर घाई करावयाची की थांबावयाचे, हे रोग्याने आपल्या सोसण्याप्रमाणे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची रीत आहे. साधी उसण आपोआपच उतरते, त्यामुळे श्रेय पायाळूला मिळते. तेवढ्यावर माझा रोष नाही. पण पायात कळ, बधिरता किंवा दुबळेपणा असता 'नस बसवून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती कणा देऊ नये.

दवाखान्यात येताना सैल कपडे घालावे. दोन्ही पाय मांडीपर्यंत उघडे करता आले पाहिजेत. बायकांनी सोबत घरातील बाईमाणूस आणावे आणि खासगी प्रश्नाचे उत्तर देताना संकोच वाटला तर सोबत्याला बाहेर बसवण्यास सांगावे. डॉक्टरांनी पाय न तपासताच चित्र मागितले, तर "आधी तपासून पाहता का?" असे नम्रपणे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.

हातोडी, कापूस, टाचणी, मोजपट्टी आणि एक साधे बाक, एवढे सामान आपल्या दवाखान्यात पहिल्या दिवसापासून आहे. पन्नास वर्षांत पुष्कळ उपकरणे आली, आणखी येतील, यावीत. त्या बाकावर माणसाला निजवून पंधरा मिनिटे देण्याची रीत मात्र पुढील पन्नास वर्षेही चालू राहो. रविवारी पाच माणसे कमी तपासली गेली तरी चालतील. माझ्यानंतर तेथे बसणाऱ्या तरुण डॉक्टरांना आणि बाकावर खोळंबलेल्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे.